अल्ब्युमिनचा आकडा आणि अल्ब्युमिनची बाटली

मोठ्या रुग्णालयाच्या आवारातील औषधाच्या दुकानापुढे रात्री उशिरापर्यंत माणसे चिठ्ठ्या घेऊन उभी असतात. त्यांतल्या एखाद्या चिठ्ठीवर ‘ह्यूमन अल्ब्युमिन २० टक्के, १०० मि.लि.’ असे लिहिलेले असते. दुकानदार फिकट मधाच्या रंगाच्या द्रवाची एक लहानशी बाटली पुढे ठेवतो आणि किंमत सांगतो. ती काही हजार रुपये असते. शिवाय एका बाटलीने पुष्कळदा भागत नाही. रोज एक याप्रमाणे तीन-चार दिवस ती आणावी लागते. रुग्णाच्या मुलाने वॉर्डात ‘हे कशासाठी?’ असे विचारलेच, तर ‘पेशंटचे प्रोटीन फार खाली गेले आहे’ असे उत्तर मिळते. उत्तर खोटे नसते. तपासणीच्या कागदावर ‘सीरम अल्ब्युमिन २.१’ असा आकडा असतो, त्यापुढे ‘३.५ ते ५’ ही नेहमीची मर्यादा छापलेली असते आणि दोहोंमधील अंतर कोणालाही दिसते. जे कमी पडले ते विकत आणून भरावे, हा तर संसाराचा रोजचा नियम. मुलगा पैसे मोजतो. दुसऱ्या दिवशी घरून डब्यात उकडलेली अंडी येतात आणि शेजाऱ्याने सुचविल्यावरून प्रोटीन पावडरचा डबाही येतो.

अंड्यातील प्रथिन, कागदावरील प्रथिन आणि बाटलीतील प्रथिन ही तिन्ही एकाच खात्यात जमा होतात असे या कुटुंबाने मानले, तर त्याला दोष देता येत नाही. चांगल्या शिकलेल्यांची समजूतही याहून फारशी वेगळी नसते. परंतु ही समजूत महाग पडते, आणि तिच्यापायी खरा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. तो प्रश्न म्हणजे, आकडा खाली गेला तो कशामुळे?

प्रथिने सगळी एकच, हा भ्रम तसा जुनाच आहे. ‘प्रोटीन’ हा शब्द डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर याने १८३८ साली प्रचारात आणला. तो त्याला सुचविला होता स्वीडनच्या बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अग्रस्थानी असलेले’ असा आहे, आणि मराठीतील ‘प्रथिन’ या शब्दातही ‘प्रथम’चा ध्वनी ऐकू येतो. नाव समर्पक ठरले. पण अंड्याचा बलक, रक्त, दूध, धान्य या सर्वांतील प्रथिनांच्या मुळाशी एकच मूलद्रव्य आहे, ही मुल्डरची कल्पना टिकली नाही. प्रथिने हजारो प्रकारची आहेत, आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

साखळी आणि तिची घडी

वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांचे मणी एकापुढे एक ओवून प्रथिनाची साखळी तयार होते. कोणता मणी कोणत्या स्थानी, याला पराकाष्ठेचे महत्त्व असते. फ्रेडरिक सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने इन्शुलिनमधील ५१ मण्यांचा क्रम १९५५ पर्यंत पूर्णपणे उलगडून दाखविला आणि १९५८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. क्रमातील एका चुकीची किंमत काय असते, हे विदर्भातील आणि नंदुरबारकडील अनेक आदिवासी कुटुंबे भोगीत आहेत. सिकल सेल या आजारात हिमोग्लोबिनच्या एका साखळीतील सहाव्या स्थानावरचा एकच मणी बदललेला असतो. बाकी सर्व जसेच्या तसे. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि केशवाहिन्यांत अडकून बसतात.

क्रमानंतर प्रश्न येतो घडीचा. साखळी सरळ पडून राहत नाही. तिचे काही भाग जिन्यासारखे वळत जातात, काही भाग पट्ट्यांसारखे शेजारी शेजारी बसतात. मग ही सर्व वळणे एकत्र दुमडून एक ठराविक आकृती बनते, आणि हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनात तर अशा चार साखळ्या एकमेकींना बिलगून राहतात. वळणाचा हा जिना लायनस पॉलिंगने १९५१ मध्ये मांडला. साखळीला कोणत्या कोनांत वळणे शक्य आहे आणि कोणत्या कोनांत नाही, याचा नकाशा मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तयार केला. आज जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत प्रथिनाची नवी रचना मांडली गेली की ती त्या नकाशावर पडताळून पाहतात. भारतीय विज्ञानाच्या या कामगिरीची दखल आपल्याकडील पाठ्यपुस्तके दोन ओळींत घेतात, हे दुर्दैव.

घडी उलगडली की प्रथिनाचे काम संपते. याचा प्रयोग रोज सकाळी घरोघर होतो. कच्च्या अंड्याचा पारदर्शक पांढरा भाग उकळत्या पाण्यात घट्ट आणि अपारदर्शक होतो. मण्यांचा क्रम तोच राहतो, पण घडी मोडते आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. अल्ब्युमिन हे नावही अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या लॅटिन नावावरूनच आले आहे. नावातील हे साम्य सोडले, तर अंड्यातील अल्ब्युमिन आणि माणसाच्या रक्तातील अल्ब्युमिन ही दोन निरनिराळी प्रथिने आहेत. खाल्लेल्या अंड्याचे अल्ब्युमिन पचनात सुटे सुटे होऊन जाते. त्या मण्यांतून काय ओवायचे आणि किती, हे यकृत ठरविते.

माणसाचे अल्ब्युमिन म्हणजे ५८५ मण्यांची एकच साखळी. गंधकाचे १७ दुवे तिला जागोजागी टाचून धरतात. तिची स्फटिकातील रचना १९९२ मध्ये स्पष्ट झाली, तेव्हा ती साधारण हृदयाच्या आकाराची, तीन भागांची असल्याचे दिसले. प्रथिनांच्या मानाने ती बरीच चिवट आहे. या चिवटपणाचा तिच्या बाजाराशी जवळचा संबंध आहे. त्याकडे पुढे येऊ.

मिठाची चाळणी, विजेची शर्यत

प्रथिनांची रचना ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी त्यांचे वर्गीकरण सुरू झाले होते, आणि ते अगदी व्यवहारी पद्धतीने झाले. जी शुद्ध पाण्यात विरघळतात ती अल्ब्युमिने. ज्यांना विरघळण्यासाठी पाण्यात थोडे मीठ लागते ती ग्लोब्युलिने. रक्तरसात अमोनियम सल्फेट हा क्षार निम्म्या प्रमाणात मिसळला की ग्लोब्युलिने साका होऊन खाली बसतात. अल्ब्युमिन मात्र क्षाराची पूर्ण मात्रा होईपर्यंत तग धरते. आजही तपासणीच्या कागदावर ‘टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, ए/जी रेशो’ या चार ओळी छापल्या जातात, त्या याच जुन्या विभागणीच्या खुणा होत. पुष्कळ ठिकाणी ग्लोब्युलिन वेगळे मोजतही नाहीत. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा करून उरेल ते ग्लोब्युलिन.

खरे विभाजन केले ते स्वीडनच्या आर्ने टिसेलियसने. प्रथिनांच्या कणांवर विद्युत्‌भार असतो, म्हणून विजेच्या क्षेत्रात ते वेगवेगळ्या गतीने सरकतात. १९३७ मध्ये त्याने रक्तरसाला अशी शर्यत लावली, तेव्हा सर्वांपुढे अल्ब्युमिन धावले आणि मागे ग्लोब्युलिनाचे तीन गट पडले. त्यांना अल्फा, बीटा, गॅमा अशी नावे मिळाली. दोनच वर्षांत, रोगांशी लढणारी प्रतिपिंडे मुख्यतः गॅमा गटात असतात हेही दाखविले गेले. १९४८ चे नोबेल पारितोषिक टिसेलियसला मिळाले. ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ या नावाने ही तपासणी आता जिल्ह्याच्या गावीही करून मिळते. गॅमा पट्ट्यात पसरट उंचवट्याऐवजी सुळक्यासारखे टोक दिसले, तर मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगाची शंका घेऊन पुढील तपासण्या होतात.

रक्तद्रवात आणखी एक प्रथिन असते, फायब्रिनोजेन. रक्त गोठते ते त्याच्यामुळे. गोठण्यात ते खर्ची पडल्यावर जो द्रव उरतो त्याला रक्तरस म्हणावयाचे. ‘ईएसआर वाढला आहे’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते, त्यामागे बहुधा याच फायब्रिनोजेनची वाढ असते. ते वाढले की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात आणि नळीत भरभर खाली बसतात.

या गटांचा तपशील सांगण्याचे कारण असे की, एकूण प्रथिनांचा आकडा अनेकदा फसवा असतो. यकृताचा दीर्घकाळचा आजार घ्या. अल्ब्युमिन ४ वरून २.५ वर उतरते, त्याच वेळी गॅमा ग्लोब्युलिने वाढतात आणि बेरीज सातच्या आसपास जशीच्या तशी राहते. पहिली ओळ वाचून निर्धास्त होणाऱ्याची गत, दरडोई उत्पन्न पाहून देशातील गरिबी मोजणाऱ्यासारखी होते. वाटणी पाहिल्याशिवाय बेरजेला अर्थ नाही.

साठा आणि प्रवाह

अल्ब्युमिन काय करते? पहिले काम पाणी धरून ठेवण्याचे. केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर ढकलणारा रक्ताचा दाब आणि ते आत ओढून धरणारी रक्तद्रवातील प्रथिनांची ओढ यांचा तोल असतो, असे अर्नेस्ट स्टार्लिंगने १८९६ मध्ये दाखविले. ही ओढ सुमारे तीन-चतुर्थांश अल्ब्युमिनची असते. दुसरे काम हमालीचे. बिलिरुबिन, मेदाम्ले, काही संप्रेरके आणि कित्येक औषधे अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून प्रवास करतात. रक्तातील जवळजवळ निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, बांधलेले असते. त्यामुळे अल्ब्युमिन उतरले की कागदावर कॅल्शियमही कमी दिसते, आणि ज्याची उणीव नाही त्याच्या गोळ्या सुरू होतात. एका आकड्याने दुसऱ्या आकड्याला कसे खाली ओढावे, याचा हा नमुना आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी साठा आणि प्रवाह यांत भेद करावयास पहिल्या वर्षी शिकतो. अल्ब्युमिनला हा भेद तंतोतंत लागू पडतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३०० ग्रॅम अल्ब्युमिन असते. त्यातील निम्म्याहून कमी रक्तवाहिन्यांत आणि उरलेले पेशींच्या भोवतालच्या द्रवात. यकृत दररोज १० ते १५ ग्रॅम नवे घडविते आणि साधारण तेवढेच मोडीत निघते. दर तासाला वाहिन्यांतील सुमारे पाच टक्के अल्ब्युमिन भिंतींतून बाहेर झिरपते आणि लसिकेच्या वाटेने परत येते. कागदावरील आकडा म्हणजे या सर्व येण्याजाण्यातून एका क्षणी रक्तात शिल्लक दिसणारे प्रमाण. उत्पादन घटल्याने ते खाली येऊ शकते, गळतीने येऊ शकते, जागा बदलल्याने येऊ शकते, आणि शरीरात पाणी साठल्यामुळे नुसते पातळ होऊनही येऊ शकते.

यकृत सिऱ्हॉसिसने निकामी झाले तर उत्पादन घटते. मूत्रपिंडाची चाळणी फाटली तर लघवीतून दररोज साडेतीन ग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रथिन वाहून जाते. अशा रुग्णाला बाहेरून दिलेले अल्ब्युमिनही एक-दोन दिवसांत बहुतांशी त्याच वाटेने निघून जाते. फुटक्या रांजणात पाणी ओतावे तसे. भयंकर जंतुसंसर्ग, भाजणे किंवा मोठी शस्त्रक्रिया यांत चित्र निराळेच दिसते. केशवाहिन्या सैल पडतात, अल्ब्युमिन बाहेर झिरपण्याचा वेग वाढतो आणि यकृत आपले उत्पादन बदलते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, फायब्रिनोजेन अशी युद्धसामग्री आधी, अल्ब्युमिन मागाहून. युद्धकाळात गिरण्यांनी धोतरजोड्या कमी करून सैन्याचे कापड विणावे, तसाच हा प्रकार. आकडा दोन-चार दिवसांत धाडकन खाली येतो, तो उपासमारीमुळे नव्हे. अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्यच सुमारे वीस दिवसांचे असते.

याहून बोलके उदाहरण निसर्गानेच ठेवले आहे. १९५४ मध्ये जर्मनीत बेनहोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन सख्ख्या भावंडांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात जन्मतः अल्ब्युमिन जवळजवळ नव्हतेच. ती प्रौढ वयापर्यंत पोहोचली होती आणि किरकोळ सूज सोडली तर चालतीबोलती होती. दुसऱ्या प्रथिनांनी बराचसा भार उचलला होता. ही अवस्था अत्यंत दुर्मिळ आहे, आणि तिच्यावरून अल्ब्युमिन निरुपयोगी आहे असे अनुमान काढणे वेडेपणाचे होईल. मात्र २.१ हा आकडा स्वतः रुग्णाचा जीव घेत नाही, जीव घेतो तो त्याच्यामागचा आजार, एवढे त्यातून दिसते.

भुकेचे माप?

आकडा उतरला म्हणजे रुग्ण कुपोषित, ही समजूत डॉक्टरांतही दीर्घकाळ रुजलेली होती. तिला छेद देणारा पुरावा मात्र १९४४-४५ पासूनच उपलब्ध होता. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांश घटले, गाल बसले, बरगड्या दिसू लागल्या. परंतु रक्तद्रवातील प्रथिनांची घसरण त्या मानाने किरकोळ राहिली. उपाशी शरीर आपले स्नायू जाळते आणि अल्ब्युमिन जपते. अमेरिकेतील पोषणचिकित्सकांच्या संघटनेने २०२० मध्ये अखेर स्पष्ट निवेदन केले की, अल्ब्युमिन हे पोषणाचे माप म्हणून वापरू नये. ते दाहाचे आणि त्यामुळे येणाऱ्या जोखमीचे निदर्शक आहे. पंचाहत्तर वर्षे हा काही थोडा काळ नव्हे.

प्रथिनांच्या बाबतीत आजार आणि भूक यांची गल्लत याआधीही झाली होती, आणि ती सोडविण्यात महाराष्ट्राचा वाटा होता. १९३० च्या दशकात सिसली विल्यम्स या डॉक्टर स्त्रीने आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधील सुजलेल्या, अंगावरचे दूध तुटलेल्या बालकांचे वर्णन केले आणि तेथील ‘क्वाशिओरकोर’ हा शब्द जगाला दिला. त्या मुलांत अल्ब्युमिन फार उतरलेले असते. त्यावरून, प्रथिनांची टंचाई हाच गरीब देशांचा मुख्य रोग, असा निष्कर्ष निघाला आणि १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या दप्तरी ‘प्रथिनांचे संकट’ हा शब्दप्रयोग दाखल झाला. माशांचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ, यीस्ट अशा पदार्थांवर पैसा आणि बुद्धी खर्च झाली.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले आणि जागतिक अन्न संघटनेत वीस वर्षे संख्याशास्त्र विभाग सांभाळलेले पां. वा. सुखात्मे यांनी या निष्कर्षावर हरकत घेतली. भारतीय आहारात प्रथिनांची जी उणीव दिसते ती बहुतांशी उष्मांकांच्या उणिवेची सावली आहे. पोटभर भाकरी-वरण मिळाले तर प्रथिनांची गरज सहसा भागते आणि पोट रिकामे असेल तर खाल्लेले प्रथिनही सरपणासारखे जळून जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनीही १९६८ मध्ये दाखविले की, सुजलेल्या आणि सुकलेल्या बालकांच्या आहारात तसा फरक नव्हताच. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला ‘प्रथिनांची मोठी फजिती’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. पुढे सुखात्म्यांचे आणि वि. म. दांडेकरांचे भुकेच्या मोजमापावरून कडाक्याचे मतभेद झाले, आणि शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते या सुखात्म्यांच्या सिद्धांताने गरिबांवर अन्याय होतो या आक्षेपात बरेच तथ्य होते. पण प्रथिनांच्या मुद्द्यावर काळाने सुखात्म्यांचीच बाजू घेतली. आजही प्रोटीन पावडरचा डबा जेथे विकला जातो तेथे १९६८ चेच संकट नव्या कागदात गुंडाळून विकले जाते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आजारातून उठणाऱ्या माणसाला चांगले, प्रथिनयुक्त जेवण हवेच. ते अल्ब्युमिनच्या आकड्यासाठी नव्हे, झिजलेल्या स्नायूंसाठी.

बाटलीचा उगम

ती मधाच्या रंगाची बाटली महायुद्धाचे अपत्य आहे. रणभूमीवर रक्त साठविणे कठीण, म्हणून रक्तद्रवातील उपयुक्त भाग वेगळा काढण्याचे काम १९४० मध्ये हार्वर्डच्या एडविन कोहन यांच्याकडे आले. थंड अल्कोहोल, आम्लता आणि क्षार यांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने बदलून त्यांनी रक्तद्रवाचे भाग पाडले. पाचवा भाग अल्ब्युमिनचा. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा भाजलेल्या सैनिकांवर ते वापरण्यात आले. अल्ब्युमिनच्या चिवटपणाचा लाभ येथे झाला. योग्य द्रव्ये मिसळली तर ते ६० अंश तापमानात दहा तास घडी न मोडता टिकते, आणि तेवढ्यात काविळीसारख्या रोगांचे विषाणू नष्ट होतात. रक्त गोठविणाऱ्या आठव्या घटकाला ही उष्णता तितकी सहज सोसत नाही. हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र करून बनविलेल्या त्या घटकातून १९८० च्या सुमारास जगभर हजारो हिमोफिलियाग्रस्तांना एचआयव्हीची लागण झाली. अल्ब्युमिन घेणारे बचावले. एका घडीच्या टिकाऊपणावर केवढे भवितव्य अवलंबून असावे!

एका लिटर रक्तद्रवातून सुमारे २५ ग्रॅम अल्ब्युमिन हाती लागते. १०० मिलिलिटरच्या २० टक्के बाटलीत ते २० ग्रॅम असते. आपल्याकडे एका वेळी साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात, त्यातील जवळपास निम्मा रक्तद्रव. म्हणजे एका बाटलीमागे चार-पाच माणसांचे रक्तदान उभे असते.

हे द्रव्य विकत घ्यावे की दान मागावे, यावर अर्थशास्त्रात एक गाजलेला वाद आहे. रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात ब्रिटनचे ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील रक्तविक्री यांची तुलना करून म्हटले की, बाजार रक्त दूषित करतो, वाया घालवितो आणि देणाऱ्याची दानबुद्धीही मारतो. केनेथ ॲरो यांनी १९७२ मध्ये सविस्तर उत्तर दिले. विकण्याची मुभा असल्याने ज्याला द्यायचे आहे त्याचे देणे का थांबावे, हा त्यांचा प्रश्न सोपा नव्हता. भारतात या वादाचा निकाल ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लावला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. अमेरिकेत मात्र रक्तद्रव देणाऱ्याला आजही मोबदला मिळतो, आणि जगातील औषधी कारखान्यांना लागणाऱ्या रक्तद्रवाचा फार मोठा भाग तेथूनच येतो. आपल्याकडे गणेशोत्सवातील वा कोणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात जे रक्त मोफत दिले जाते, त्यातील तांबड्या पेशी वापरल्यावर उरलेला रक्तद्रव कारखान्यात जातो. शुद्धीकरणाला खर्च येतो हे खरे, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण म्हणूनच ती बाटली कोणत्या रुग्णाला लागते, हा केवळ एका कुटुंबाच्या खिशाचा प्रश्न राहत नाही.

याचे उत्तर आज बऱ्याच नेमकेपणाने देता येते. यकृताच्या रुग्णाच्या पोटातील पाण्याला जंतुसंसर्ग झाला असताना प्रतिजैविकाबरोबर अल्ब्युमिन दिले, तर लाभ होतो. १९९९ मध्ये स्पेनमधील १२६ रुग्णांच्या अभ्यासात रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. जलोदराचे पाच लिटरहून अधिक पाणी एका वेळी काढल्यानंतरही ते द्यावेच लागते. अशा रुग्णाच्या बाबतीत किमतीची घासाघीस करणे क्रूरपणाचे होईल. याउलट, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागातील ६,९९७ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अल्ब्युमिन दिले त्यांच्यापैकी २८ दिवसांत ७२६ दगावले. ज्यांना साधे सलाईन दिले त्यांच्यापैकी ७२९. आणि आकडा भरून काढण्याच्या कल्पनेची थेट परीक्षा २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये झाली. यकृत बिघडलेल्या, अल्ब्युमिन तीनच्या खाली असलेल्या ७७७ रुग्णांपैकी निम्म्यांना तो आकडा तीनवर नेण्यासाठी रोज अल्ब्युमिन दिले गेले. आकडा चढला. संसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी ओढवलेल्यांचे प्रमाण मात्र एका गटात २९.७ टक्के आणि दुसऱ्यात ३०.२ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले. उलट अल्ब्युमिन घेणाऱ्यांत फुप्फुसांत पाणी साठण्याच्या घटना अधिक झाल्या.

मग बाटल्या लिहिल्या का जातात? सगळीकडे नफेखोरीच शोधण्याची गरज नाही. गंभीर रुग्णापुढे उभ्या असलेल्या डॉक्टरला काहीतरी करावेसे वाटते, आणि दुरुस्त करता येण्याजोगा आकडा समोर असतो. नातेवाइकांनाही महागडे औषध दिल्याचे समाधान हवे असते. ॲरो यांनीच १९६३ मध्ये दाखविले होते की, वैद्यकीय बाजारात गिऱ्हाइकाला वस्तूची पारख करता येत नाही. कोणती वस्तू घ्यायची हे विकणाऱ्याच्या बाजूचा माणूसच त्याला सांगतो. धान्याच्या दुकानात जो मनुष्य तांदळाचा दाणा चावून पाहतो, तोच औषधाच्या दुकानात मुकाट्याने नोटा मोजतो. त्याला ‘ही बाटली का?’ असे विचारण्याचे धैर्य होत नाही. ‘अल्ब्युमिन यकृतामुळे उतरले, लघवीतून जाते आहे, की जंतुसंसर्गामुळे?’ असे विचारणे त्याला शक्य आहे. त्यात कोणाच्या विद्वत्तेचा अवमान नाही, आणि हा प्रश्न आवडणारे डॉक्टर पुष्कळ आहेत.

यापैकी एका शंकेचे निरसन तर फारच थोड्या पैशांत होते. लंडनच्या गायज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये, अंगाला सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापविली. काही रुग्णांची लघवी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गढूळ होऊन साकळली. मृत्यूनंतर त्यांची मूत्रपिंडे खराब झालेली आढळली. चमच्याची जागा पुढे परीक्षानळीने आणि स्पिरिटच्या दिव्याने घेतली, आता कागदाची रंगीत पट्टी आली आहे. ती लघवीत बुडवून एक मिनिट थांबावे लागते, आणि औषधाच्या ज्या दुकानात अल्ब्युमिनची बाटली मिळते तेथे ती पट्टीही मिळते.